सर्जरीची यंत्रं घडवणाऱ्या संशोधकाला आधी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) उभं करावं का?

कुकडीकाठ

पीएचडीची पहिली दोन वर्षं मी मणक्याच्या ऑपरेशनसाठी एक साधन बनवण्यात घालवली. मणक्यात स्क्रू कुठल्या कोनातून जावा हे दाखवणारा हाताएवढा साचा, सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर काढलेला. साचा नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून त्यावर इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसणारे चार चकचकीत गोळे. लॅबमध्ये प्लास्टिकच्या मणक्यावर चूक एक मिलिमीटरच्या आत यायची. मग एका हॉस्पिटलमध्ये दाखवायला नेला. सर्जन यायच्या आधीच ओटीच्या सिस्टरनी तो हातात घेऊन विचारलं, "हा ऑटोक्लेव्हमध्ये जातो ना?" ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रात, १२१ अंशांची वाफ असते. मी वापरलेलं पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता, आणि मलाही पडला नव्हता.

त्या दिवशी मी नुसता कोपऱ्यात उभा राहून ऑपरेशन पाहिलं. कॅमेरा जिथे ठेवायचं ठरवलं होतं तिथे सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, उभा होता. असिस्टंट वाकला की त्याचा खांदा मध्ये यायचा. सर्जनच्या हातमोज्यांवरचं रक्त पाहिलं आणि कळलं, गोळ्यावर ते लागलं की कॅमेऱ्याला तो गोळा नीट दिसणार नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सर्जरीसाठी यंत्रं किंवा इमेजिंग यांवर पीएचडी करणाऱ्याला विषय नोंदवण्याआधी सहा महिने ओटीत काढणं सक्तीचं करावं. अमेरिकेत वँडरबिल्ट विद्यापीठात विद्यार्थ्यांना ऑपरेशनं बघत प्रश्न शोधायला लावणारा अभ्यासक्रमच आहे. तेवढं लांब जायलाही नको. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत हॉस्पिटल आणि यंत्रं घडवणारा विभाग एकाच संस्थेचे, आणि ती उभी करणारे डॉ. वलियाथन स्वतः हृदयाचे सर्जन. तिथे बनलेल्या हृदयाच्या कृत्रिम झडपेची पहिली तीन मॉडेलं फसली, चौथं १९९०च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. तीनदा फसूनही काम टिकलं, कारण झडप बनवणारे आणि ती बसवणारे रोज एकमेकांशी बोलत होते, असं माझं ठाम मत आहे.

निशिगंधा

मी दुर्बिणीतून ऑपरेशनं करते आणि सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवते. कळकळ पोचली, पण सक्तीला माझा विरोध आहे.

आमच्या एका टेबलाभोवती कोण असतं बघा. मी, दोन रेसिडेंट, भूलतज्ज्ञ आणि त्यांचा रेसिडेंट, दोन सिस्टर, शिवाय इंटर्न. माणसं वाढली की दार जास्त वेळा उघडतं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. टेबलावरची बाई गावाकडून आलेली असते, पूर्ण भूल चढण्याआधी ती आजूबाजूला बघते. मागच्या वर्षी एकीने मला विचारलं होतं, "ताई, तो कोपऱ्यातला कोण?" तिला उत्तर द्यायला मी बांधील आहे. तिच्या संमतीच्या कागदावर तुमचं नाव नसतं.

दुसरं म्हणजे, शरीररचना ठाऊक नसलेल्या माणसाला सहा महिन्यांत काय दिसणार? रक्त आणि मॉनिटरवरचे आकडे. सुश्रुतानेही शिष्यांना आधी भोपळ्यावर आणि काकडीवर छेद घ्यायला लावले, थेट माणसावर नाही. इंजिनिअरनाही आधी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पाठवा, प्राण्यांच्या ऊतींवर टाके घालू द्या. ओटी त्यानंतर.

शून्यापासून

मी म्युनिकमध्ये सर्जरीच्या व्हिडिओंवर काम करतो आणि या सक्तीला पूर्ण विरोध करतो. पित्ताशयाचं एकही ऑपरेशन मी समोर उभं राहून पाहिलेलं नाही. स्ट्रासबर्गच्या हॉस्पिटलमधल्या ८० ऑपरेशनांचे व्हिडिओ कोलेक८० या नावाने संशोधकांसाठी खुले आहेत, १३ सर्जनांनी केलेली ऑपरेशनं. ऑपरेशनचा कुठला टप्पा चालू आहे, कुठलं हत्यार दिसतंय, हे ओळखणाऱ्या कितीतरी पद्धती त्यांच्यावर तपासल्या गेल्या. स्कॅनवरून थ्रीडी चित्रं काढणारं थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. निवृत्त झालेल्या दा विंची या सर्जरीच्या रोबोटवर चालणारा संशोधनसंच बऱ्याच विद्यापीठांत आहे. ही साधनं नसती तर खेड्यातून आलेल्या, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलशी ओळख नसलेल्या मुलाला हा विषय बंदच राहिला असता.

शिवाय बघून सगळं कळत नाही. मेंदूचं ऑपरेशन घ्या. कवटी आणि आतलं आवरण उघडलं, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं की मेंदू खचतो, कधी एक सेंटिमीटरपेक्षाही जास्त. आदल्या दिवशीच्या एमआरआयवर बेतलेला नकाशा तिथेच चुकायला लागतो. मेंदू खचतो हे ओटीत दिसेल. किती आणि कुठे खचेल हे सांगायला मऊ पदार्थांचं यांत्रिकीशास्त्र लागतं, अल्ट्रासाउंडचं भौतिकशास्त्र लागतं. पीएचडीची वर्षं मोजकी असतात. त्यातले सहा महिने भिंतीला टेकून काढायचे, तर गणित कधी शिकायचं?

आणि एका सर्जनच्या ओटीत सहा महिने राहिलेला मुलगा त्या सर्जनच्या सवयीलाच जगाची गरज समजतो. हा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो.

निशिगंधा

@शून्यापासून, मग तुमचे ८० व्हिडिओही एकाच हॉस्पिटलचे आहेत ना? आमच्याकडे दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढून आलेली बाई असते. पित्ताशय आजूबाजूला इतकं चिकटलेलं असतं की पहिला अर्धा तास नुसतं सोडवण्यात जातो. कुठला टप्पा संपला आणि कुठला सुरू झाला, हे मलाच सांगता येत नाही.

व्हिडिओत दुर्बीण पोटात असते तेवढंच दिसतं. काच धुरकट झाली की आम्ही ती बाहेर काढतो, गरम पाण्यात बुडवतो, गॉझने पुसतो, पुन्हा आत. तेवढ्यात रेसिडेंट मला विचारतो, मी सिस्टरना पुढचं हत्यार सांगते. पुढे काय करायचं याचे बरेच निर्णय त्याच अर्ध्या मिनिटात होतात आणि तुमच्या व्हिडिओत ते नसतात. मी सक्तीच्या विरोधात आहे, पण ओटी न बघताच भागेल हे मला मुळीच पटत नाही.

माणदेशी

तिसरी वाट कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. इंजिनिअरला ओटीत नेण्यापेक्षा डॉक्टरला इंजिनिअरिंगच्या वर्गात न्या. आयआयटी खरगपूरला एमबीबीएस झालेल्यांसाठी तीन वर्षांचा मास्टर्स आहे. आयआयटी मुंबईतही बायोमेडिकलच्या एमटेकला डॉक्टरांना प्रवेश मिळतो. मी एमबीबीएसनंतर असाच एमटेक केला.

पहिलं सत्र फार जड गेलं. बारावीनंतर गणिताला हात लावला नव्हता. पण एमआरआयचं यंत्र आधी चित्र घेतच नाही, ते लहरींची बेरीज घेतं आणि गणिताने तिचं चित्र होतं, हे ज्या रात्री वहीवर सोडवून समजलं, तेव्हापासून स्कॅनवरचा धूसर पट्टा बघण्याची माझी नजरच बदलली. रुग्ण हलला म्हणून पट्टा आला की यंत्र बिघडलं म्हणून, हे आता मी रेडिओलॉजिस्टशी वाद घालून ठरवू शकतो.

घोडं पेंड खातं ते पुढे. नोकरीच्या जाहिरातीत एकतर एमडी-एमएस मागतात, नाहीतर बीई. मी दोन्हीकडे अपात्र. अशी माणसं घडवायची असतील तर त्यांना बसायला खुर्चीही तयार करा.

तारसप्तक

मी हॉस्पिटलमधली यंत्रं सांभाळणारा बायोमेडिकल इंजिनिअर, १४ वर्षं ओटीत आहे. कॉटरी, म्हणजे विजेने ऊती कापायचं आणि रक्त थांबवायचं यंत्र, चालू केली की कुठल्या मॉनिटरवर रेषा थरथरते, सी-आर्मचं कुठलं चाक अडतं, मला पाठ आहे. संशोधक येतात, सर्जनना भेटतात, जातात. आम्हाला अजून एकानेही काही विचारलेलं नाही.

कुकडीकाठ

@तारसप्तक, तुमचं वाचून लाज वाटली. मीही कधी विचारलं नव्हतं.

@शून्यापासून, गणित कमी करा असं मी म्हणत नाही. पण प्रश्न कुठून येतो ते बघा. हाड कोरणारा रोबोट रोबोडॉक कॅलिफोर्नियात सुरू झाला तो अस्थिशल्यचिकित्सक विल्यम बार्गर आणि पशुवैद्य हॉवर्ड पॉल यांच्या तक्रारीतून. सिमेंटशिवाय बसवायच्या खुब्याच्या सांध्यासाठी मांडीच्या हाडात हाताने कोरलेली पोकळी ओबडधोबड होते, सांधा आणि हाड यांत फटी राहतात. हा प्रश्न घेऊन ते आयबीएमच्या रोबोटवाल्यांकडे गेले. आधी कुत्र्यांवर करून पाहिलं, १९९२ साली पहिल्यांदा माणसावर. हे दुखणं लॅबमध्ये बसलेल्या कोणाला सुचलं नसतं.

शून्यापासून

त्याच गोष्टीचा पुढचा भाग सांगतो. रोबोडॉक जर्मनीत खूप वापरला गेला. हाडातली पोकळी काटेकोर व्हायची, पण रोबोटला जागा करून देताना स्नायूंना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, लंगडत चालणाऱ्या रुग्णांनी दावे लावले. ओटी कोळून प्यायलेला सर्जन तिथे पहिल्या दिवसापासून होता. तरी हे झालं.

कुकडीकाठ

हे मला खोडता येत नाही. दोन दिवस विचार केला. ओटीत सगळ्यांची नजर हाडावर होती. स्नायूचं दुखणं ओटीत दिसतच नाही. ते सहा आठवड्यांनी ओपीडीत दिसतं, रुग्ण दारातून टेबलापर्यंत चालत येतो तेव्हा. म्हणजे माझे सहा महिने चुकीच्या खोलीत मोजले होते. आता मी म्हणेन, दोन महिने ओटी, पण त्याच रुग्णांबरोबर नंतर वॉर्ड, फिजिओथेरपी आणि ओपीडी. रुग्ण तेच राहिले पाहिजेत, खोल्या बदलू देत.

शून्यापासून

एवढं असेल तर माझा विरोध सक्तीपुरता उरतो. तो मात्र कायम आहे.

निशिगंधा

माझाही. पण कुकडीकाठ, गुरुवारी आमची पित्ताशयाची यादी असते. नैतिकता समितीची परवानगी काढा, तुमचं नाव संमतीपत्रात लिहून रुग्णाला आदल्या दिवशी वॉर्डमध्ये स्वतः भेटा, त्याआधी पंधरा दिवस शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये बसा. एकालाच जागा देऊ शकते. तारसप्तक जवळपास असतील तर ओटीतली यंत्रं तुम्हाला त्यांनीच दाखवावीत अशी माझी इच्छा आहे.

तारसप्तक

गुरुवारी सकाळी येतो. साडेसातला, पहिली केस टेबलावर घ्यायच्या आधी.