विषय गांजाचा नाही, किल्लीचा आहे

मीनल (बी-३०२), रात्री ९:१२
नमस्कार. आत्ता वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. कुलूप काढून दार उघडलं तर भपकन वास. सिगारेटचा नाही, तो मला ओळखता येतो (कोणाचा ते लिहीत नाही). टाकीमागे अर्धवट जळलेली सुरळी पडली होती, टोकाला पुठ्ठ्याची बारीक पुंगळी. फोटो मुद्दाम टाकत नाहीये. माझा अकरावीतला मुलगा त्याच गच्चीवर अभ्यासाला जातो. हे कोण करतंय?

शिंदे काका (ए-४०२)
गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

पराग (सी-२०३)
टाकीमागे?? म्हणजे उद्या सकाळी पाणी प्यायल्यावर अख्खी सोसायटी एकमेकांशी प्रेमाने वागणार 😂

देसाई (सेक्रेटरी)
कृपया विनोद नकोत. टाकीचं झाकण आत्ताच जाऊन पाहिलं, बंद आहे. वहिनी, सकाळी लक्ष घालतो.

जोशी काका (बी-१०४)
मी दोन वर्षं सांगतोय, एकटी पोरं भाड्याने ठेवू नका. नाव घेत नाही. सहावा मजला. समझनेवाले को इशारा काफी.

शिंदे काका
मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं, किल्ल्या दोनच राहतील. किल्ली कोणाकडे आहे?

ऋषी (ए-६०४)
जोशी काका, नमस्कार. सहाव्या मजल्यावर भाड्याने राहणारे आम्हीच. आम्ही तिघंही बारा दिवस बाहेरगावी आहोत, दाराला कुलूप आहे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे, बघून घ्या.

जोशी काका
मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

पराग
मजला घेतलात काका, नाव राहिलं 😄

मीनल
जोशी काका, तुमचा मान राखून सांगते, तुमच्या सिगारेटचा धूर रोज रात्री साडेदहाला आमच्या बेडरूममध्ये येतो. तीन वर्षं बोलतेय. पण तो विषय आज नको. आज सरळ पोलिसांत तक्रार द्या. एकाला धडा मिळाला की बाकीचे आपोआप सुधारतात.

जोशी काका
माझी सिगारेट कायदेशीर आहे. दोन्हींत फरक आहे.

अभिजित (सी-५०४)
फरक आहे काका, फक्त उलट्या बाजूने. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या तज्ज्ञांचा अभ्यास आला होता. वीस पदार्थांना शंभरपैकी हानीचे गुण दिले होते. दारू ७२, हेरॉइन ५५, क्रॅक कोकेन ५४, तंबाखू २६, गांजा २०. जिन्यात, गच्चीवर कोणीच काही ओढू नये, हे मान्य. पण मोठ्या माणसाने आपल्या घरात ओढलं तर तो गुन्हेगार आणि शेजारचा पिऊन भांडी फोडतो तो फक्त ‘शेजारी’, हे कसं?

जोशी काका
वा. मग हेरॉइनही खुलं करा. म्हणजे अभिजितरावांचं समाधान होईल.

अभिजित
कुठे म्हटलं मी तसं? दारू चालते तर गांजा का नाही, एवढंच विचारतोय.

शिंदे काका
माझा प्रश्न तिसऱ्यांदा टाकतो. किल्ली कोणाकडे आहे?

डॉ. फाटक (ए-२०१)
अभिजित, त्या यादीतली एक गोष्ट राहिली. दारूचे ७२ आले त्यात पिणाऱ्याने इतरांना दिलेला त्रास मोठा होता, अपघात, मारहाण, मोडलेले संसार. शिवाय ती घरोघरी पोचलेली आहे, म्हणून एकूण हानी फुगते. याचा अर्थ एक घोट हेरॉइनपेक्षा वाईट, असा होत नाही. त्या पद्धतीवर टीकाही बरीच झाली.

अभिजित
ओके डॉक्टर. तरी दारू चालते तर गांजा का नाही हा प्रश्न उरतोच.

साठे काकू (बी-५०१)
आमची लेक कॅनडात, टोरांटोला आहे. तिकडे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर झालं. मी गेले तेव्हा घाबरत होते, रस्त्याने सगळे झिंगलेले असतील म्हणून. तसं काही नाही. दुकानात ओळखपत्र बघतात, तिच्या प्रांतात वय १९ लागतं. पाकिटावर चित्रबित्र काही नाही, नुसता इशारा, आणि उघडायला इतकं अवघड की मला औषधाची बाटली आठवली. जवळ ३० ग्रॅमपर्यंत बाळगता येतं. पण वास मात्र येतो हं. बागेतल्या बाकावर बसलं की येतोच.

मीनल
काकू, म्हणजे तुम्हाला चालेल आपल्या बाकावर?

साठे काकू
मी फक्त पाहिलेलं सांगितलं गं.

पराग
पार्सल आणलंत का काकू? 😜

साठे काकू
पराग, तुझ्या आईला सांगू का?

[पराग यांनी हा मेसेज डिलीट केला आहे]

जोशी काका
पुढे पाठवलेला मेसेज: ‘पोर्तुगालने सर्व ड्रग्ज कायदेशीर केले आणि देश बरबाद झाला. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.’

डॉ. फाटक
जोशी काका, यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. पोर्तुगालने २००१ मध्ये कायदेशीर काही केलं नाही. स्वतःपुरता, साधारण दहा दिवसांचा साठा सापडला तर फौजदारी खटला नाही. त्या माणसाला एका समितीसमोर बसवतात, त्यात आरोग्य आणि समाजसेवेतले लोकही असतात. विकणारा आजही तुरुंगातच जातो. आणि बरोबरीने उपचारांची सोय वाढवली, म्हणून एचआयव्हीची लागण आणि ओव्हरडोसचे मृत्यू खाली आले. हेच अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने २०२० च्या मतदानानंतर केलं, पण उपचारांची सोय मागेच राहिली, रस्त्यावरचं चित्र बिघडलं आणि २०२४ मध्ये बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवावं लागलं.

जोशी काका
म्हणजे माझंच बरोबर.

डॉ. फाटक
🙏

शिंदे काका
पोर्तुगाल राहू द्या. विषय गांजाचा नाही, किल्लीचा आहे.

ऋषी
एक विचारू का डॉक्टर? हेरॉइन आणि गांजा कायद्यात सहसा एकाच ओळीत का असतात? माणूस मरतो तो हेरॉइनने ना?

डॉ. फाटक
चांगला प्रश्न. हेरॉइन किंवा फेंटानिल (त्याच जातीचं, पण कितीतरी जोरदार औषध) मेंदूच्या देठात श्वास चालवणारं जे केंद्र आहे, त्यालाच झोपवतं. फेंटानिलचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, जीव घेऊ शकतात. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या खाचांवर) बसतं ते त्या भागात फारच कमी. त्यामुळे गांजा जास्त झाला तर माणूस घाबराघुबरा होतो, ओकतो, छाती धडधडते, पण श्वास थांबून जात नाही. सोडतानाही तेच. अट्टल दारुड्याने एकदम बंद केली तर फिट येऊन दगावू शकतो. गांजा सोडणाऱ्याची झोप उडते, चिडचिड होते, भूक जाते. एका ओळीत बसवण्याचं कारण वैद्यकीय कमी, जुन्या करारांचं जास्त. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा हेरॉइनसोबत सगळ्यात कडक यादीत टाकला होता. तो त्या यादीतून निघाला थेट डिसेंबर २०२० मध्ये, २७ विरुद्ध २५ मतांनी. नियंत्रण मात्र अजून आहेच.

अभिजित
बघा! मी हेच म्हणतोय. दारू चालते तर

डॉ. फाटक
थांब रे. अर्धंच ऐकून पळू नकोस. माझ्याकडे येतात ते पन्नाशीतले हौशी नसतात. सतरा, अठरा, एकोणीस. एका मुलाने मला सांगितलं, पंखा त्याच्या नावाने बोलतो. खोलीत उकडत होतं, घामाने शर्ट भिजला होता, पण पंखा लावू देईना. आठ महिने रोज ओढत होता. आधी घरच्यांना वाटलं, परीक्षेचं टेन्शन. सगळ्यांचं असं होत नाही. पण लवकर सुरुवात, रोजची सवय, जोरदार माल आणि घराण्यात आधीचा मानसिक आजार, असं जुळलं की असे भास होण्याचा धोका खरोखर वाढतो. आणि माल बदललाय. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत पकडलेल्या मालात टीएचसी ४ टक्क्यांच्या आसपास असायचं, आता १५ च्या पुढे. अर्क काढलेला असेल तर ६०, ८०. ‘आमच्या वेळी काही व्हायचं नाही’ म्हणणाऱ्यांनी ओढलं ते वेगळंच काहीतरी होतं.

मीनल
म्हणूनच म्हणते, पोलिसांत द्या.

देसाई (सेक्रेटरी)
वहिनी, पोलिसांत देणं सोपं आहे. पण तो सतरा-अठरा वर्षांचा निघाला तर? पुढचं शिक्षण, नोकरी, सगळीकडे ते कागद मागे लागतात.

मीनल
ते त्याने ओढायच्या आधी बघायला हवं होतं. आणि आई-वडील काय झोपले होते का?

साठे काकू
मीनल, असं पटकन बोलू नये.

अभिजित
बंदीने काय साधलं सांगा ना. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. लोक प्यायचे थांबले नाहीत, विषारी पिऊ लागले. डच लोकांनी १९७६ मध्ये वेगळा विचार केला: गांजाचं गिऱ्हाईक हेरॉइन विकणाऱ्याच्या दारात जायलाच नको. म्हणून कॉफी शॉपमध्ये थोडा माल विकायला डोळेझाक. गांजा ओढणारा पुढे हेरॉइनकडे जातो म्हणतात ना, बऱ्याचदा त्याला पुढे नेतो तो विकणारा. कारण त्याच्या खिशात दोन्ही असतं.

जोशी काका
थायलंडने खुलं केलं आणि तीन वर्षांत तोंड फिरवलं. त्यावर बोला.

अभिजित
थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि नियम करायचे राहून गेले. दुकानं आधी, कायदा नंतर. २०२५ मध्ये परत डॉक्टरची चिठ्ठी लागायला लागली. जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये उलट केलं. २५ ग्रॅम जवळ, घरी तीन झाडं, पण दुकान नाही आणि शाळेच्या आसपास ओढायचं नाही.

पराग
तीन झाडं म्हणजे गार्डन कमिटीच्या परवानगीशिवाय नाहीच. माझी तुळस काढायला लावली होती, विसरलो नाहीये.

साठे काकू
तुळस नव्हती ती. पॅसेजमध्ये अकरा कुंड्या होत्या.

पराग
नऊ.

सुनंदाताई (ए-१०१)
मी सहसा लिहीत नाही. सगळ्यांना माहीतच आहे, तरी लिहिते. आमच्याकडे जी होती ती कायदेशीर होती. बिल मिळायचं. वॉशिंग मशीनच्या मागे, पुस्तकांच्या मागच्या रांगेत, एकदा तर शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बाटली सापडली. मी ओतून द्यायचे, ते पुन्हा आणायचे. बंदी असती तर हे थांबले असते, असं मला वाटत नाही. पण कायद्याने चालते म्हणून कोणी त्यांना आजारी समजलंच नाही. शेवटची दोन वर्षं सोडून. डॉक्टरांनी सांगेपर्यंत सगळे म्हणायचे, थोडी घेतात, घेऊ दे. तेव्हा अभिजित, कायदेशीर की बेकायदेशीर यावर तू भांड. मला फक्त एवढं माहीत आहे की आमच्या घरी मदत फार उशिरा आली.

[बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही]

अभिजित
सॉरी ताई. तसं म्हणायचं नव्हतं.

सुनंदाताई
अरे, राग नाही. तुझं म्हणणं चूक नाही.

जोशी काका
सुनंदाताई, तुम्हाला 🙏. मी सिगारेट उद्यापासून खाली गेटजवळ ओढीन.

मीनल
धन्यवाद काका. तीन वर्षांनी का होईना.

अभिजित
डॉक्टर, तुम्ही शेवटी कोणत्या बाजूने? खरं सांगा.

डॉ. फाटक
मोठ्या माणसाला एका सुरळीसाठी कोठडीत टाकू नये, हे माझं मत पक्कं आहे. पण चकचकीत दुकान, जाहिरात, गोळ्या-चॉकलेटच्या रूपात माल, याला माझा ठाम विरोध. कॅनडात खायचे प्रकार विकायला लागल्यावर लहान मुलं चुकून खाऊन हॉस्पिटलात येण्याचं प्रमाण वाढलं. तंबाखूचं आपण काय केलं? आधी शंभर वर्षं विकू दिला, मग पाकिटावर कॅन्सरचं चित्र छापलं. ओढून पाहणाऱ्या दहांपैकी साधारण एकाला गांजाची सवय जडते, तंबाखूत तिघांपैकी एकाला. कमी आहे, पण शून्य नाही, आणि अठराच्या आत सुरू केलं तर सहांपैकी एक. दारू चालते तर गांजा का नाही, हा प्रश्न मला उलटा विचारावासा वाटतो: दारू इतकी सहज का चालते?

पराग
डॉक्टर, शनिवारी रात्री हा प्रश्न ग्रुपवर नको 🙈

शिंदे काका
मी आता पाचव्यांदा विचारतोय. मघापासून पोर्तुगाल, थायलंड, जर्मनी सगळं झालं. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

देसाई (सेक्रेटरी)
काका, रजिस्टर काढलं. एक माझ्याकडे. दुसरी वॉचमनकडे, ती केबिनमध्ये खिळ्याला आहे, आत्ता पाहून आलो.

शिंदे काका
मग मीनल वहिनींनी कुलूप कशाने काढलं? पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलंय.

देसाई (सेक्रेटरी)
तिसरी मार्चमध्ये दिली होती. बी-३०२. कारण: मुलाचा अभ्यास. सही आहे.

शिंदे काका
सही कोणाची?

देसाई (सेक्रेटरी)
काका, असू दे ना आता.

[मीनल यांनी हा मेसेज डिलीट केला आहे]

[मीनल यांनी हा मेसेज डिलीट केला आहे]

डॉ. फाटक
मीनल, ग्रुपवर काही लिहू नकोस. मी जागी आहे, फोन कर किंवा सरळ घरी ये. त्याला आत्ता उठवून विचारू नकोस. आणि अजून काहीच ठरलेलं नाही, वॉचमनची केबिन उघडीच असते.

साठे काकू
मीनल, मी येऊ का गं खाली?

जोशी काका
गेटजवळ थांबलोय. काही लागलं तर हाक मारा.

शिंदे काका
ठीक आहे. तिसरी किल्ली सवडीने जमा करा. घाई नाही.