मदत हवी आहे: दोन किलोचं लेकरू, महिन्याभरात ऊसतोडीची टोळी निघणार. गृहभेटी कशा बसवायच्या?

प्रश्न (धारूर भाग, नवीन गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी):
प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली, जन्मवजन २१०० ग्रॅम. आशाताईंनी तिसऱ्या दिवशी २०००, सातव्या दिवशी १९५० ग्रॅम नोंदवलं. लेकरू ओढून पितं, पण आजी दोन वेळा शेगडीचा शेक देतात. बाळंतीण सध्या माहेरी आहे. लेकरू तीस दिवसांचं होईल तेव्हा आई-बाप लेकराला घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाणार. वजन घटलंय म्हणून लगेच दवाखान्यात पाठवायचं का? आणि ४२व्या दिवसाची भेट कोण करणार?

कोपी_नोंदवही:
आधी काटा तपासा. दवाखान्यातला काटा डिजिटल, आशाताईंचा स्प्रिंगचा, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना फसवी असते. काट्याला किराणा दुकानातलं दोन किलोचं माप लावून बघा. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा, लेकरू उघडं ठेवा, झोळी जमिनीला टेकू देऊ नका आणि काटा डोळ्याच्या पातळीवर धरून वाचा. खालून वाचलं की आकडा चुकतो.

आकडे खरे धरले तर १५० ग्रॅम म्हणजे सात टक्के घट. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, पण चौदाव्या दिवसापर्यंत जन्मवजन परत यायला हवं. त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित. रोज वजन करू नका. स्प्रिंगच्या काट्यावर २५ ग्रॅम दिसतच नाहीत, उगाच घरचे घाबरतात. आठवड्याला पावणेदोनशे ग्रॅम वाढलं की नाही तेवढं बघा.

आशांच्या नवजात गृहभेटींच्या कार्यक्रमात दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८, ४२ या दिवशी भेटी आहेत. दोन किलोच्या लेकरासाठी एवढ्यावर थांबू नका, दोन-तीन दिवसांआड जा. दर भेटीत काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस आहे का बघायचं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चौपट करणं हीच नेहमीची चूक, कारण नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो. ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा, दुसऱ्यांदाही तसाच आला तर दवाखान्यात पाठवा. दूध सोडणं, सुस्ती, छाती आत ओढली जाणं, झटके, अंग गार किंवा तापलेलं, तळपाय पिवळे: यातलं एकही दिसलं तर वजनाचा विचार न करता १०८ बोलवा. वाटेत लेकरू आईच्या छातीला लावूनच न्यायचं.

सिस्टर_परळी:
आजींना "शेक बंद करा" म्हणू नका, भेटच बंद होईल. शेक कशासाठी, तर ऊब. मग ऊब आईच्या उघड्या छातीवर द्यायला लावा, टोपी-मोजे घालून, वरून लुगडं. धुराने श्वास बिघडतो, हे त्यांना लेकराचं पोट दाखवत मोजून सांगा. नाळ गळेपर्यंत आंघोळ नको, कोमट पाण्याने पुसा. लेकरू थकत असेल तर आईचं दूध वाटीत काढून चमच्याने, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. घुटी, मध अजिबात नाही.

प्रश्नकर्ती:
माहेर-सासर दोन गावं, दोन आशा. नोंद कुणाची? आणि स्थलांतराचं?

कोपी_नोंदवही:
लेकरू जिथे झोपतं, तिथल्या आशाने भेट द्यायची. सासरच्या ताईंना फक्त फोन करून कळवा, नाहीतर दोघी "तिकडे होतील" म्हणून थांबतात.

स्थलांतरासाठी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस (तो १५ दिवसांच्या आतच) आणि हेपॅटायटिस बी दिल्याची नोंद कार्डावर आहे ना, ते आजच बघा. पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस सहा आठवड्यांना, म्हणजे नेमका ४२व्या दिवशी, लेकरू कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) असताना. निघताना आगाऊ देता येत नाही. तो तिथल्या उपकेंद्रात द्यायचा, त्यासाठी गावचा पत्ता लागत नाही. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, पुढचा डोस चार आठवड्यांनी.

म्हणून मुकादमाचा (टोळी नेणारा ठेकेदार) नंबर, कारखान्याचं नाव आणि तोडीचा गट आत्ताच लिहून घ्या. कार्ड पॉलिथिनच्या पिशवीत, त्याचे फोटो बापाच्या आणि मुकादमाच्या मोबाईलमध्ये. टोळी निघायच्या आदल्या दिवशी तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा: तारीख, शेवटचं वजन, पुढचा डोस.

आणि चौदाव्या दिवशी वजन २१०० च्या खाली राहिलं तर लेकरू दवाखान्यात दाखवल्याशिवाय ट्रॅक्टरवर बसू देऊ नका. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, घरचे थांबायला तयार नसतात. मुकादमाशी त्याच दिवशी बोला, शेवटच्या दिवशी नाही.