यूबीआयएफएस माउंट होत नाही: रिकाम्या पानात बिट पलटला तर नँड ड्रायव्हरने काय करायचं?

ठिबक_रावेर:
केळीच्या ठिबकवर बसवायच्या कंट्रोलरचा लिनक्स नँड ड्रायव्हर (नँड फ्लॅश मेमरी चालवणारा कोड) आम्हीच लिहिलाय. चिप एसएलसी (सेलमागे एक बिट), पान २०४८ बाइट, ओओबी (पानाला जोडलेली जास्तीची जागा) ६४ बाइट, ब्लॉकमध्ये (एकदम पुसला जाणारा गठ्ठा) ६४ पानं. ईसीसी (पलटलेले बिट दुरुस्त करणारा कोड) हार्डवेअर बीसीएच प्रकारची, दर ५१२ बाइटला ८ बिटपर्यंत दुरुस्ती. वर यूबीआय (फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा थर) आणि यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम. टेबलावर सगळं सुरळीत चालतं, पण शेतातले काही बोर्ड बूट होताना अडकतात. आधी यूबीआयचा -७४ (ईसीसीला दुरुस्त न होणारी चूक) येतो, मग यूबीआयएफएस 'करप्ट एम्प्टी स्पेस अॅट एलईबी ३७:३६९००' (एलईबी म्हणजे यूबीआयचा तार्किक ब्लॉक) म्हणतं आणि माउंट नापास.

रिकाम्या पानासाठी ड्रायव्हरमध्ये एवढंच आहे: ५१२ बाइट सगळे एफएफ (म्हणजे सगळे बिट १) असतील तर ईसीसी तपासायची नाही. मे महिन्यात इकडे पारा ४५ला जातो, त्यात पत्र्याची पेटी. उष्णतेने चार्ज गळत असणार. बीसीएच१६ लावावं का?

तापीकाठ:
१६ बसणारच नाही, दादा. ५१२ बाइटच्या तुकड्याला बीसीएचच्या दर बिटामागे १३ बिट लागतात. म्हणजे ८ बिटला १३ बाइट, चार तुकड्यांचे ५२. बॅड ब्लॉकच्या खुणेचे २ धरले तर ६४ पैकी १० उरतात. १६ बिटला नुसते ईसीसीचेच १०४ बाइट होतात.

आणि उन्हाला दोष देण्याआधी बिट कुठल्या दिशेने पलटलाय ते बघा. उष्णतेने चार्ज गळतो तो लिहिलेल्या सेलमधून, म्हणजे ० चा १ होतो. रिकाम्या पानात सगळे १ च असतात, तिथे गळायला काही नाही. तिथे १ चा ० होतो तो शेजारची पानं लिहिताना-वाचताना, किंवा इरेज चालू असताना वीज गेली आणि ब्लॉक अर्धवट पुसला गेला तर. भारनियमनाच्या पट्ट्यात मला दुसऱ्याचाच संशय जास्त येतो.

आता ते पान उघडून बघा. -७४ च्या ओळीत पीईबी (चिपवरचा प्रत्यक्ष ब्लॉक) मिळेल, पण तिथला ऑफसेट वाचायला सुरुवात केली तिथला असतो, बिघडलेल्या पानाचा नाही. तो यूबीआयएफएसच्या ओळीतून घ्या. सबपेज (पानाचे भाग वेगवेगळे लिहिणं) वापरत नसाल तर डेटा ४०९६ पासून सुरू होतो: ३६९०० + ४०९६ = ४०९९६, म्हणजे ब्लॉकमधलं २० नंबरचं पान (मोजणी ० पासून). समजा पीईबी ८१२ आहे, तर पार्टिशनमधली जागा ८१२ × १३१०७२ + ४०९६० = १०६४७१४२४. तिथून एक पान नँडडंपने काढा, ईसीसी बंद ठेवून, ओओबीसकट.

सगळीकडे एफएफ आणि मध्येच एखादा एफई किंवा बीएफ दिसला तर बिट पलटलाय. डेटा एफएफ पण ओओबीतले ५२ बाइट भरलेले दिसले, तर ते पान रिकामं नाहीच. फ्लॅश करताना कुणीतरी एफएफ 'लिहिलेत', आणि त्यावर यूबीआयएफएस पुन्हा लिहिणार. पानावर दोनदा लिहिलं की ईसीसीचा चोथा होतो. तसं असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. यूबीफॉरमॅट वापरा, यू-बूटमधून लिहीत असाल तर नँड राइटचा ट्रिमएफएफएस प्रकार (शेवटची एफएफ पानं न लिहिणारा) घ्या, किंवा इमेज बनवताना एमकेएफएस.यूबीआयएफएसला फ्री स्पेस फिक्सअपचा पर्याय (पहिल्या माउंटला रिकामी जागा नीट करणारा) द्या.

ठिबक_रावेर:
काढलं. ओओबी पूर्ण एफएफ, डेटात एकच बाइट एफबी.

भुसावळ_यार्ड:
मग चूक तुमच्या 'सगळे एफएफ' तपासणीत आहे. एक बिट ० झाला की ती तपासणी फसते, पान हार्डवेअरकडे जातं, आणि एफएफ डेटाचा खरा बीसीएच कोड एफएफ नसतो, त्यामुळे हार्डवेअर हात वर करतं.

ती तपासणी काढा. आधी हार्डवेअरला दुरुस्त करू द्या, आणि एखादा तुकडा नापास झाला तरच त्याच्यासाठी कर्नलचं नँड_चेक_इरेज्ड_ईसीसी_चंक बोलवा. उंबरठा म्हणून ईसीसीची ताकद द्या, इथे ८. हे फंक्शन ० झालेले बिट मोजतं, मर्यादेत असतील तर बफर स्वतः एफएफने भरतं आणि संख्या परत देतं. मर्यादेबाहेर गेले तर -७४.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक, फंक्शनला डेटासोबत ईसीसीचे १३ बाइट द्यायलाच हवेत. नाहीतर जवळपास सगळे एफएफ असलेला खरा डेटाही रिकामा समजून पुसला जाईल, आणि तुम्हाला कळणारही नाही. दोन, काही कंट्रोलर नापास होतानाही बफरमध्ये ढवळाढवळ करतात. तसं असेल तर तेवढा तुकडा रॉ (ईसीसीविना) वाचून मग मोजा.

ठिबक_रावेर:
माउंट झालं. पण आता यूबीआय चांगले ब्लॉकसुद्धा सतत स्क्रब करतंय (डेटा दुसऱ्या ब्लॉकवर हलवतंय).

भुसावळ_यार्ड:
तुमचं रीड_पेज (पान वाचणारं फंक्शन) चारही तुकड्यांतल्या पलटलेल्या बिटांची बेरीज परत देतंय का? तिथे बेरीज नाही, सर्वात मोठा आकडा हवा. ताकद ८ असेल तर बिटफ्लिप_थ्रेशोल्ड (पलटलेल्या बिटांची इशाऱ्याची मर्यादा) आपोआप ६ असतो (तीन चतुर्थांश, वरच्या पूर्णांकात). तुकड्यांत २, १, २, १ पलटले तर बेरीज ६ होते, एमटीडी (कर्नलचा फ्लॅश थर) -११७ (दुरुस्त झालं, पण बिट फार पलटलेत) देतं आणि यूबीआय ब्लॉक हलवायला घेतं. खरं उत्तर २ आहे, काही करायची गरज नाही. ईसीसी_स्टॅट्स.करेक्टेड मध्ये मात्र बेरीजच जाते.

तसंच नापास तुकडा मिळाला म्हणून रीड_पेजमधून थेट -७४ परत देऊ नका. ईसीसी_स्टॅट्स.फेल्ड एकने वाढवा आणि पुढचे तुकडे वाचा. -७४ द्यायचं काम कर्नलचा वरचा कोअर करतो.

सातपुडा_पायथा:
सोपा मार्ग: सॉफ्टवेअर बीसीएच. कर्नलचा कोड मास्क लावतो, त्यामुळे रिकाम्या पानाची ईसीसी एफएफच निघते आणि पलटलेला बिट नेहमीसारखा दुरुस्त होतो.

तापीकाठ:
नव्या बोर्डावर ठीक आहे, भो. शेतात बसलेल्यांवर आधीचा डेटा हार्डवेअरच्या कोडने लिहिलाय, एकही पान वाचता येणार नाही. यू-बूट आणि कर्नल वेगवेगळी ईसीसी लावतात तेव्हा हेच होतं. शिवाय सीपीयूवर भार येतो तो वेगळा.

ठिबकभाऊ, पाठवण्याआधी हे करून बघा. मोकळा ब्लॉक पुसा. २११२ बाइटची एफएफने भरलेली फाइल घ्या, त्यात एक बाइट एफई करा, आणि नँडराइटने ईसीसी बंद ठेवून, ओओबीसकट लिहा. मग नेहमीसारखं वाचा. पूर्ण एफएफ यायला हवं, आणि सिसएफएसमधला (कर्नलचे आकडे दाखवणाऱ्या फाइली) करेक्टेड_बिट्स एकनेच वाढायला हवा. एकाच तुकड्यात नऊ बिट ० करून तेच केलंत तर ईसीसी_फेल्यर्स वाढला पाहिजे. लिहिलेल्या पानासाठी नँडबिटएरर्स हा चाचणी प्रोग्राम आहे, तो ८ बिटपर्यंत पास आणि ९ वर नापास व्हायला हवा. पहिल्याच बिटाला अडला तर बहुधा राइट_पेज_रॉ (ईसीसीविना पान लिहिणारं फंक्शन) चुकलंय: कंट्रोलर पानात डेटा आणि ईसीसी आलटून पालटून ठेवत असेल, तर रॉ वाचताना-लिहिताना ती मांडणी तुम्हालाच सुटी करावी लागते. आणि चाचणी संपली की तो ब्लॉक पुन्हा पुसा, विसरू नका.