डाउनटेम्पो: ॲप तेच तेच वाजवतंय, नवं कुठून शोधायचं?

संथलय
डाउनटेम्पो, म्हणजे संथ लयीचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यातलं बोनोबो, टायको, बोर्ड्स ऑफ कॅनडा ऐकून झालं. आता ॲप फिरून फिरून त्यांच्यावरच येतं, नाहीतर 'चिल' नावाच्या यादीतले दोन-दोन मिनिटांचे बिनचेहऱ्याचे तुकडे वाजवतं. हवंय ते असं: 70 ते 100 बीपीएम (मिनिटाला ठोके), बास भरदार, गायन नाही किंवा नावापुरतं, सलग तासभर ऐकता येईल असं. नुसती नावं नकोत, पद्धत सांगा.

खर्जातला
मूड सोडा, लेबल (अल्बम काढणारी कंपनी) धरा. या प्रकारात लेबल म्हणजे जवळपास घराणंच. फ्रान्समधल्या लिऑनचं अल्टिमे घ्या. कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स या स्वीडिश जोडीच्या 'हायड्रोपॉनिक गार्डन' (2003) पासून सुरुवात करा, मग सोलर फील्ड्स, मग एस डाना. एस डाना म्हणजे व्हिन्सेंट व्हिलुई. लेबल उभं करणाऱ्यांपैकी ते एक, आणि इतरांच्या अल्बमांचं मास्टरिंगही (आवाजावरचा शेवटचा हात) करतात. इथेच खरी किल्ली आहे: डिस्कॉग्स या अल्बमांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर अल्बमच्या पानावर खाली श्रेयनामावली असते. तिथे 'मास्टर्ड बाय'पुढच्या नावावर टिचकी मारा. त्या माणसाच्या हाताखालून गेलेलं सगळं समोर येतं, आणि त्यात कधी न ऐकलेली लेबलं सापडतात.

डिस्कॉग्सवर नुसतं 'डाउनटेम्पो' टाकलंत तर ढिगाऱ्यात हरवाल. सोबत 'ॲम्बियंट' (तालापेक्षा वातावरणावर भर) ही स्टाइल जोडा, दशक 2000 किंवा 2010 घ्या, 'मोस्ट कलेक्टेड'नुसार लावा आणि पहिली 20-25 नावं सोडून द्या, ती ओळखीचीच निघतील. 90चं दशक घेतलंत तर ट्रिप-हॉप (हिप-हॉपच्या तालावरचं संथ संगीत, बहुतेकदा गायनासह) भरभरून येईल, म्हणजे गायन आलंच.

रात्रपाळी
सोमाएफएमची ग्रूव्ह सॅलड ही वाहिनी लावून ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोचं इंटरनेट रेडिओ केंद्र, जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. 128 केबीपीएसला तासाला साधारण 58 एमबी डेटा जातो. काही आवडलं की घड्याळ बघा. साइटवर नुकत्याच वाजलेल्या गाण्यांची यादी असते, त्यात वेळेवरून नाव सापडतं. यादी आखूड आहे, उद्या बघू म्हणाल तर गेलं. त्यांचंच ड्रोन झोन मात्र तुमच्यासाठी नाही, त्यात ताल जवळपास नसतोच.

उलटतबकडी
@खर्जातला, लेबल ठीक, पण एकाच लेबलवर अडकलं की चौथ्या अल्बमला सगळं सारखंच वाटायला लागतं. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर अल्बमखाली विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. ज्याने एखादं वाक्य लिहून आवडता ट्रॅक सांगितलाय त्याच्यावर टिचकी मारा आणि संग्रह बघा. 200-300 अल्बमवाला निवडा. पाच हजारवाला दिसेल ते गोळा करतो, त्याच्या निवडीवरून काहीच कळत नाही. तुमच्याकडचे तीन-चार अल्बम त्याच्याकडेही असतील तर उरलेले डोळे झाकून ऐका.

संथलय
हे मस्त. आपल्याकडचं काही? तबला-बिबला असलेलं?

खर्जातला
तलविन सिंग यांचा 'ओके' (1998), नितीन साहनींचा 'बियाँड स्किन' (1999), कर्ष काळे यांचा 'रिअलाइझ' (2001). पण साहनींकडे गायन बरंच आहे. गोव्याशी नातं हवं असेल तर शपाँगल या गटाचा 'आर यू शपाँगल्ड?' (1998). त्यातले सायमन पोसफर्ड हॅल्युसिनोजेन या नावाने गोवा ट्रान्स (गोव्यातल्या पार्ट्यांतून आलेलं वेगवान नृत्यसंगीत) करत होते. मुखपृष्ठावर बुद्ध आणि कमळ असलेली कंपायलेशनं टाळा, तिथे तबला म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

संथलय
'हायड्रोपॉनिक गार्डन' एमपीथ्रीत लावला. ट्रॅक बदलताना मध्ये खट्कन तुटतं. फाइल खराब आहे का?

उलटतबकडी
फाइल ठीक असणार. एमपीथ्री बनवताना ट्रॅकच्या पुढे-मागे थोडी शांतता भरली जाते. ती किती, याची नोंद प्लेअरने वाचली नाही तर सांधा ऐकू येतो. आधी प्लेअरमध्ये 'गॅपलेस' (ट्रॅक सलग जोडणारी सोय) चालू करा, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा, शफल बंद. तरीही तुटलं तर फ्लॅक (आवाजाचा काहीही भाग न गाळणारा फॉरमॅट) उतरवून घ्या, त्यात ही भर नसते. बँडकॅम्पवर एकदा घेतलेला अल्बम हव्या त्या फॉरमॅटमध्ये पुन्हा उतरवता येतो, वेगळे पैसे पडत नाहीत.