मदत हवी आहे: मामा तलावातल्या मरळीला जखमा, आता दुसऱ्या मासोळ्यांनाही दिसून राहिल्या

नमस्कार मंडळी, गोंदिया जिल्ह्यातल्या गावातून लिहितोय. आमच्या ढिवर (मासेमार) सोसायटीकडे जुना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहे. थंडी पडली तशा जाळ्यात जखमी मरळी येऊन राहिल्या. आधी नुसता लाल ठिपका, मग खवले गळून तिथं खड्डा. एकीचं तर शेपटीजवळचं मांस झडून काटा दिसत होता आणि तरी ती जिवंत, हातात धडपडत होती, पाहवत नव्हतं. आता कटव्याला आणि बारीक मासोळ्यांनाही तसेच ठिपके आलेत, पण त्याच जाळ्यातले तिलापिया आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) एकदम साफ.

वाचलं त्यावरून, एरोमोनास हायड्रोफिला हा बॅक्टेरिया गोड्या पाण्यात एरवीही असतोच, मासोळी कमजोर झाली किंवा अंग खरचटलं की आत शिरतो, अन् तो मासोळीची जात बघत नाही. दुसरा म्हणजे ईयूएस (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, मासोळ्यांना जखमा करणारा साथीचा रोग), आपल्या देशात १९८८ पासून आहे, त्याचं मूळ अफॅनोमायसिस नावाची पाण्यातली बुरशी, बॅक्टेरिया मागून जखमेत घुसतात. थंडीत येणं, मरळीला जास्त धरणं, तिलापिया वाचणं, हे मला ईयूएसकडेच जाताना दिसतंय. पण नुसतं पाहून कसं ठरवायचं?

औषधवाला म्हणतो अँटिबायोटिक पावडर टाका. मला बिलकुल पटत नाही. बुरशी असली तर तिला त्याने काही होणार नाही, वरून ढोरं इथंच पाणी पितात, शिंगाडे इथलेच खातो, आणि सलंगावरून (सांडव्यावरून) पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जातं.

नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात नमुना न्यायचा विचार आहे. मेलेल्या मासोळीत भलतेच बॅक्टेरिया वाढतात म्हणून आजारी पण जिवंतच न्यावी लागेल, तर ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत एवढ्या लांब कोणी नेली आहे का? एवढ्या मोठ्या पाण्यात चुना टाकून फरक पडतो का, की जाळी अन् डोंगे उन्हात कडक वाळवणं हेच आपल्या हातात आहे? वरच्या तलावाची जाळी बोडीत न्यायची नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पण बगळे अन् पाणकावळे दोन्हीकडे फिरतात, त्यांच्यामुळं पसरतं का?

आणि बाजारात मासोळी कापणाऱ्या बाया, त्यांच्या हाताला चिरा असतातच, एरोमोनास माणसाच्या जखमेतही जातो म्हणे. हातमोज्यांनी भागेल की जखमी मासोळी विकायचीच नाही?

बोडीतल्या मरळी अजून चांगल्या आहेत, कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा न.