मदत हवी आहे: बाबांचा पार्किन्सन्स, लेव्होडोपाच्या गोळ्या आणि ताटातील प्रथिने यांचा मेळ कसा घालावा?

सर्वांना नमस्कार.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझ्या वडिलांचे वय ७२ असून २०१७ मध्ये त्यांना पार्किन्सन्सचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्या आजाराचे, निदान झाले. ठाण्यातीलच एका न्यूरॉलॉजिस्टचे उपचार नियमित चालू आहेत आणि ते तसेच चालू राहतील, हे आधीच स्पष्ट करते. औषधाला पर्याय मी शोधत नाही. जे औषध चालू आहे ते जेवणामुळे वाया जाऊ नये आणि जेवण सांभाळताना बाबांची तब्येत ढासळू नये, एवढ्यासाठी अनुभवी मंडळींची मदत हवी आहे.

बाबांना लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा २५ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी दिवसातून चार वेळा आहे: सकाळी ८, दुपारी साडेबारा, संध्याकाळी ५ आणि रात्री ९. पहिली पाच-सहा वर्षे या गोळ्यांवर ते तलावपाळीला दोन फेऱ्या मारून, येताना जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन येत असत. गेल्या दोन वर्षांत मात्र गोळीचा असर मधेच उतरू लागला आहे. असर असतो तेव्हा ते शर्टाची बटणे स्वतः लावतात. असर उतरला की तिसऱ्या बटणावर बोटे थांबतात, चेहरा स्थिर होतो आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. (उंबरठ्याच्या अलीकडे रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावल्यापासून ते त्या पट्ट्यांवरून पाऊल उचलून सहज पुढे जातात. फिजिओथेरपिस्टने सुचवलेला हा उपाय ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर करून पाहावा.)

मी एका शंभर पानी वहीत रोजची नोंद ठेवते: गोळीची वेळ, खाल्लेले पदार्थ, आणि बटणे लावता येऊ लागली ती वेळ. ही वही ठेवायला लागल्यावर पहिल्यांदा लक्षात आले की ज्या दुपारी मुगाची उसळ किंवा घट्ट वरण आणि वर वाटीभर दही असते, त्या दुपारी साडेबाराची गोळी तीन वाजेपर्यंतही लागू पडत नाही. पुढे गणपतीत ऋषिपंचमीला आईने नेहमीप्रमाणे अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, काकडी, मक्याचे कणीस घालून भाजी केली. बाबांनी वरीच्या तांदळाबरोबर तेवढीच खाल्ली आणि तासाभरात ते स्वतः उठून मखराची फुले बदलू लागले. आदल्या दिवशी, चतुर्थीलाही, ते सगळ्या आरत्यांना झांज घेऊन उभे होते. पण घर पाहुण्यांनी भरले होते, तेव्हा तो उत्साहाचा परिणाम असेल असे आम्ही धरून चाललो.

त्यानंतर मी वाचन केले, डॉक्टरांनाही विचारले. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे पचन होऊन जी अमिनो आम्ले तयार होतात, त्यांतील काही आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणारे वाहक एकच आहेत. गोळी आणि डाळ एकाच वेळी पोचली की गोळीची वाट अडते. आजाराच्या सुरुवातीच्या काळात हा फरक सहसा जाणवत नाही. असराचे चढउतार सुरू झाले की जाणवू लागतो, आणि तोही प्रत्येकाला सारखाच नाही. अशा रुग्णांसाठी दिवसा प्रथिने कमी आणि दिवसभराचा मुख्य वाटा रात्री, अशी विभागणी डॉक्टर सुचवतात.

इथे माझ्या हातून चूक झाली आणि ती मला मनापासून लागली आहे. प्रथिने म्हणजे शत्रू असे समजून मी सकाळचे दूध, दुपारचे वरण, दही, ताक सगळे बंद केले. रात्री भरपाई करायची असे ठरले होते, परंतु रात्रीपर्यंत बाबा थकलेले असतात आणि अर्ध्या भाकरीवर हात धुतात. सप्टेंबरात ६४ किलो असलेले वजन जानेवारीत साडेएकोणसाठ झाले. शिवाय बाबांना मधुमेह आहे. डाळ-दूध गेल्यावर पोट भरायला मऊ भात, पोहे, साबुदाणा, बटाटा हेच उरले, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, एचबीए१सी, ६.८ वरून ७.७ वर गेली. डॉक्टरांनी सांगितले की वाटणी बदलायची म्हणजे एकूण कमी करायचे नाही. या वयात दर किलो वजनामागे साधारण ०.८ ते १ ग्रॅम प्रथिने, म्हणजे बाबांना रोज ५० ते ६० ग्रॅम, मिळालीच पाहिजेत, नाहीतर स्नायू झडतात आणि तोल आणखी जातो.

हिशेब मांडला तेव्हा शाकाहारी घराची अडचण कळली. ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीच्या वरणातून सुमारे ७ ग्रॅम, कपभर दुधातून साडेसहा, ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून जेमतेम १०, आणि १०० ग्रॅम पनीर खाल्ले तर १८ ते २०. हे सगळे एका माणसाने रात्रीच्या एकाच ताटात संपवायचे आणि तेही मंद झालेल्या पोटाने, हे आमच्याकडे घडत नाही. आईची तर वेगळीच व्यथा आहे. पन्नास वर्षे जिने या माणसाला वरणभात वाढला, तिला दुपारी ताटात वरणाची वाटी न ठेवता वाढणे सहन होत नाही. ती वाढते आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात जाते. तिला समजावणे हा माझ्यासाठी आहाराच्या कोष्टकापेक्षा कठीण भाग आहे.

इतर काही गोष्टी थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पूर्ण चित्र कळेल. रक्तातील बी १२ कमी निघाले होते. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते आणि लेव्होडोपा घेणाऱ्यांतही त्यावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून इंजेक्शने चालू आहेत आणि पायांची बधिरता थोडी कमी आहे. हिमोग्लोबिनसाठी दिलेली लोहाची गोळी आम्ही कित्येक महिने सकाळच्या गोळीबरोबरच देत होतो. लोहामुळे लेव्होडोपाचे शोषण कमी होते, त्यामुळे आता दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवतो. बद्धकोष्ठतेसाठी पाणी, भिजवलेले अंजीर आणि इसबगोल चालू आहे.

एका काकांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण आणून दिले आणि गोळ्या हळूहळू सोडा असे सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु कृपया इथे कोणी असा सल्ला देऊ नये. त्या बियांत लेव्होडोपाच असते, चूर्णात ते किती आहे हे घरी कळत नाही, आणि चालू गोळ्यांवर त्याची भर पडली तर अंगाच्या नको त्या हालचाली, मळमळ, रक्तदाब उतरणे असे त्रास होऊ शकतात. पार्किन्सन्सच्या गोळ्या अचानक बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

माझे विचारणे असे आहे. मधुमेह आणि पार्किन्सन्स दोन्ही असलेल्या शाकाहारी माणसाला दुपारी कमी प्रथिनांचे, पण साखर न वाढवणारे आणि पोट भरणारे असे काय देता येते? रात्रीची भूक कमी असणाऱ्या ज्येष्ठांना प्रथिने कोणत्या रूपात गेली? आणि ठाणे-नवी मुंबई भागात पार्किन्सन्सच्या रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्या आहारतज्ज्ञाकडे आपण कसे पोचलात? ज्यांच्या घरी हा आजार आहे किंवा होता त्यांचा अनुभव मला हवा आहे. तो अगदी छोटा असला तरी लिहावा.

नवीन भर, तीन आठवड्यांनी

उत्तर देणाऱ्या सर्वांचे आभार. वाशीहून लिहिणाऱ्या ताईंनी विचारलेल्या एका प्रश्नाने माझी वही मी पुन्हा उघडली. त्यांनी विचारले होते, "गोळी आणि पहिला घास यांत तुम्ही किती मिनिटे ठेवता?" खरे उत्तर होते: शून्य. २०१७ मध्ये सुरुवातीला मळमळ होत असे, म्हणून गोळी खाण्याबरोबर घ्या असे सांगितले गेले होते. मळमळ थांबून वर्षे लोटली तरी आम्ही ती सवय कधीच बदलली नाही.

चतुर्थीच्या पानावर लिहिले आहे: गोळी साडेबारा, आरती आणि नैवेद्य, जेवण सव्वादोन. त्या दिवशी बाबांनी वरणभात आणि मठ्ठा दोन्ही घेतले होते आणि तरीही ते चार वाजेपर्यंत चांगले होते. मी ऋषिपंचमीच्या भाजीवर बोट ठेवले आणि त्याच्या आदल्याच दिवसाचे कारण माझ्या नजरेतून सुटले. पाहुण्यांच्या उत्साहापेक्षा ते पावणेदोन तास महत्त्वाचे होते.

ही नोंद घेऊन आम्ही न्यूरॉलॉजिस्टना आणि त्यांनी सुचवलेल्या आहारतज्ज्ञांना भेटलो. दोघांचेही म्हणणे असे पडले की बाबांच्या बाबतीत आधी अंतर सांभाळावे आणि वाटणीचा विचार त्यानंतर, तोही गरज उरली तरच. आता वेळा त्यांच्या सल्ल्याने ७, ११, ३ आणि ७ अशा केल्या आहेत. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर एकटीच घ्यायची, आणि खाणे तिच्यानंतर पाऊण ते एक तासाने. जेवणानंतर गोळीची वेळ येईल तेव्हा मधे दोन तास जायलाच हवेत. मळमळ वाटली तर गोळीबरोबर भाताच्या लाह्यांची एक मूठ चालते. तळलेले आणि जड जेवण पोटात रेंगाळते आणि त्यामागे गोळीही रेंगाळते, म्हणून ते टाळतो.

दुपारी बारा वाजता आता ज्वारीची भाकरी, भरपूर पालेभाजी किंवा दुधी-पडवळासारखी फळभाजी, वर तूप, कोशिंबीर, आणि हो, अर्धी वाटी पातळ वरण असते. आईने ती अर्धी वाटी ज्या समाधानाने ठेवली ते मला शब्दांत सांगता येणार नाही. साबुदाणा बंद केला आहे, कारण त्यात प्रथिने जवळजवळ नाहीत आणि साखर मात्र वाढते. पाच वाजता नाचणीची ताकातली पेज, आणि रात्री सव्वाआठला पनीर किंवा दोन धिरडी. धिरड्याच्या पिठात आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे मूगडाळ भिजवून वाटून घालतो. चावायला सोपे असल्यामुळे बाबा दोन खातात. तीन आठवड्यांत वजन सातशे ग्रॅमने वाढले आहे. साखरेची चाचणी दोन महिन्यांनी होईल. बटणे बहुतेक दिवशी पाऊण तासाच्या आत लागतात.

अडचण आता रात्रीची उरली आहे. झोपण्याआधी कोणतीही गोळी नाही, प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या ताटात आहे, आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास बाबांना कूस वळता येत नाही. आई उठून खांद्याला आणि कमरेला हात लावून त्यांना वळवते. डॉक्टरांची पुढची भेट दहा दिवसांनी आहे आणि झोपताना लांब असर टिकणाऱ्या गोळीबद्दल तेव्हा बोलू. परंतु ज्यांच्या घरी असेच झाले होते त्यांनी रात्रीचे जेवण किती वाजता ठेवले होते, आणि ते साडेसहाच्या सुमारास आणून संध्याकाळची गोळी पुढे ढकलल्यास काही फरक पडला का, हे लिहिल्यास मी ते डॉक्टरांपुढे ठेवीन.