लिथियम एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही: आधीच्या आजारात काय पाहायचं?

समुपदेशक, तासगाव
बायपोलरचे (मूड टोकाला चढण्या-उतरण्याच्या आजाराचे) दोन पेशंट. दोघांनाही मूड स्थिर ठेवायला लिथियम, रक्तातली पातळी दोघांचीही ०.७. एक शांत आहे, दुसऱ्याचे एपिसोड (आजार उसळण्याच्या खेपा) थांबत नाहीत. मिरजेला डॉक्टरांकडे पाठवताना आधीच्या आजाराचं नेमकं काय लिहून द्यावं?

सायकियाट्रिक सोशल वर्कर, सांगली
ताई, नुसता आकडा नको, क्रम लिहा. आधी मॅनिया (मूड अती चढणं), मग डिप्रेशन, मग मधला काळ पूर्ण बरा, अशा आजारात लिथियम जास्त चांगलं लागू पडतं. उलटा क्रम, दोन्ही लक्षणं एकाच वेळी, किंवा वर्षात ४ वा जास्त एपिसोड असतील तर एकट्या लिथियमवर बहुधा भागत नाही. रक्ताच्या नात्यात कुणाला लिथियम लागू पडलं असेल तर ते ठळक लिहा.

कागदावर आडवी रेघ ओढा. वर मॅनिया, खाली डिप्रेशन, तळाशी गोळ्या कधी सुरू, कधी बंद. तारखा कुणालाच आठवत नाहीत. 'द्राक्षाच्या एप्रिल छाटणीच्या आधी की ऑक्टोबर छाटणीनंतर?' असं विचारलं की घरचे बरोबर सांगतात.

फार्मासिस्ट, विटा
पण 'लागू पडत नाही' हा शिक्का इतक्यात नको. ०.७ कधीचं? रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी काढायचं. डोस बदलला असेल तर ५ ते ७ दिवस थांबून. काही जण तपासणीच्या आठवड्यापुरत्याच नियमित गोळ्या घेतात, मग रिपोर्ट छान आणि आजार तसाच.

दारू, थायरॉइड (टीएसएच ही त्याची रक्ततपासणी बघा, लिथियमनेही थायरॉइड बिघडतो) आणि मधेच कुणी एकटं अँटिडिप्रेसंट दिलं होतं का, हेही विचारा. त्याने मॅनिया उसळू शकतो. मागचा एपिसोड गोळ्या एकदम बंद केल्यावर आला असेल तर तो औषधाच्या खात्यावर मांडू नका.

आणि बागेत राबणारा माणूस अंगदुखीला डायक्लोफेनॅक घेतोच. त्याने लिथियम वाढतं, उन्हात घाम गेला की आणखी. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोकांड्या दिसल्या तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

समुपदेशक, तासगाव
दुसऱ्याला डिप्रेशनच जास्त. त्याला लॅमोट्रिजिन हे मूडचं दुसरं औषधही सुरू आहे, पण अधूनमधून सुटतं.

सायकियाट्रिक सोशल वर्कर, सांगली
मग ते आधी लिहा. सलग ५ दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस परत एकदम घ्यायचा नसतो, अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. सहसा पुन्हा २५ मिलिग्रॅमपासून चढवतात. सोबत व्हॅल्प्रोएट (हेही मूडचंच औषध) असेल तर २५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड. आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी.